फोन निरोप आणेल, प्रयोग हातानं करायचा



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जाचे अर्ज वाचून झाले, की हल्ली एक विषय हमखास निघतो. मोबाईल. "पोरगं दिवसभर फोन घेऊन बसतं, आणि हटकलं तर म्हणतं, अगं आई, शाळेचाच अभ्यास करतोय." ते खरं असतं का? कधी असतं, कधी नसतं. पण ते ओळखायचं कसं, असं जवळजवळ प्रत्येक गटात मला विचारलं जातं. आज सगळ्या अभ्यासाचं बोलत नाही, फक्त विज्ञानाचं बोलते. शाळेच्या ग्रुपवर सुट्टीत, अतिवृष्टीनं शाळा बंद असताना, किंवा आपण तोडीला दूर गेलेलो असताना विज्ञानाचा एखादा उपक्रम येतो, व्हिडिओची लिंक येते. त्यातलं लेकरांकडून काय करून घ्यावं, काय नुसतं बघू द्यावं आणि काय सरळ सोडून द्यावं, एवढंच.

मी स्वतः बीए. विज्ञान माझं दहावीला सुटलं. त्यामुळं प्रयोगशाळेतलं मी काही सांगणार नाही. स्वयंपाकघर, अंगण, रान आणि कोपी, इथं जे होतं तेच सांगते.

थोडं मागचं आठवू. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग परत भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोजच्या अभ्यासाच्या लिंका पाठवायला सुरुवात केली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन तर आधीपासूनच छापलेले होते. आणि २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं. पहिली ते आठवीची मालिका होती ती, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी भाकरी थापता थापता ती ऐकली असेल. मला ती आवडायची, आणि का आवडायची ते सांगते. त्यात नुसतं भाषण नसायचं. घरातल्या वस्तू घ्या, असं करून बघा, आजूबाजूला काय दिसतं ते शोधा, असा तिचा रोख होता. टीव्ही बंद झाल्यावर पोरांना करायला काहीतरी उरायचं.

लिंकांचं तसं झालं नाही. एक तर फोन पाहिजे. २०२१ च्या 'असर' पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी जवळपास ६८ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच पाहणीत असंही दिसलं, की ज्या घरांत फोन आहे त्यांतल्याही चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांच्या हातात तो अभ्यासाला मिळतच नव्हता. फोन मालकाच्या खिशात, मालक रानात. संध्याकाळी घरी आला की आधी मोठा भाऊ, मग धाकटा, आणि ताईचं भांडी घासून होईपर्यंत बॅटरी संपलेली. आपल्या घरात असं होत नाही म्हणणारीनं हात वर करावा.

म्हणून उपक्रम निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारते: फोन दहा मिनिटंच मिळाला तर हे होईल का? निरोप ऐकायला पाच मिनिटं आणि दोन-चार दिवसांनी काय दिसलं ते सांगायला पाच मिनिटं. मधलं सगळं फोनशिवाय झालं पाहिजे. ज्या उपक्रमाला तासभर पडद्यासमोर बसावं लागतं, तो आपल्या घरातल्या मुलींसाठी नाहीच असं समजा.

दुसरा प्रश्न सामानाचा. काही व्हिडिओंत परदेशातली बाई हसत हसत सांगते, खायचा रंग घ्या, अमुक द्रव घ्या, तमुक गोळी घ्या. ते आपल्याकडं तालुक्यालाही मिळत नाही. आणि मिळालं तरी दोनशे रुपये घालून एकदाच फस्सकन फेस येणार, पोरं टाळ्या वाजवणार, संपलं. त्यात पोरानं शोधलं काय? शिवाय तयार 'प्रोजेक्ट' विकत घेण्याची एक नवी रीत आलीय. थर्माकोलचा ज्वालामुखी दुकानातून आणायचा, मुलानं त्याच्याशेजारी उभं राहायचं, फोटो पाठवायचा. पैसे आईचे, हात दुकानदाराचे, आणि ग्रुपवर सरांचा अंगठा. याला मी विज्ञान म्हणत नाही.

सामान कसं असावं ते अरविंद गुप्तांकडून शिकावं. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, काडेपेटीतल्या काड्या, जुनी चप्पल, रिकाम्या बाटल्या, अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी शेकडो खेळणी केली, आणि प्रत्येक खेळण्यात विज्ञानाचं एक तत्त्व. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छोट्या फिल्मा मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. बहुतेक फिल्मा दोन-चार मिनिटांच्या, म्हणजे आपल्या दहा मिनिटांत बसणाऱ्या. बघायच्या एकदा, करायच्या दहादा.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा. या उपक्रमाचं उत्तर फोनमध्ये आहे, की आपल्या अंगणात? उत्तर फोनमध्येच असेल तर पोरगं ते उतरवून काढणार, करून बघणार नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा? पण काल तुझ्या दारात किती मिलिमीटर पाऊस पडला, हे कुठल्याही व्हिडिओत सापडत नाही. ते डब्यातच बघावं लागतं.

पावसाचंच घेऊ, परतीचा पाऊस अजून व्हायचाय. सरळ उभ्या भिंतीचा डबा घ्या, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं. थंड पेयाची बाटली नको, तिचं बूड खोलगट असतं आणि कंबर बारीक. डबा उघड्यावर ठेवायचा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पन्हाळीखाली नाही. वाऱ्यानं उलटू नये म्हणून भोवती दोन विटा. सकाळी आठ वाजता आत पट्टी उभी धरून पाण्याची खोली मोजायची, वहीत लिहायची, डबा रिकामा करायचा. खोली जितके मिलिमीटर, तितका पाऊस.

आता गंमत. पोरांना विचारा, मोठा डबा ठेवला तर पाऊस जास्त दिसेल का? बहुतेक जण हो म्हणतील. शेजारी शेजारी एक लहान आणि एक मोठा डबा ठेवू द्या. सकाळी दोन्हींत खोली सारखीच निघते. का, यावर घरात वादावादी झाली पाहिजे, लगेच उत्तर सांगू नका. आणि मोठ्या मुलांना पुढचं गणित द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटर पडला तर सहाशे लिटर. म्हणजे हंड्यांत किती? ते गणित आपल्याला सरांपेक्षा लवकर येतं, कारण हंडे आपण वाहिलेत.

हा उपक्रम दुरून शिकायला फार चांगला आहे, कारण प्रत्येक घरचं उत्तर वेगळं येतं आणि तरी प्रत्येकाचं बरोबर असतं. आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, किती लांबरुंद पसरलाय बघा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडं काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटघरला तर लोक जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. आणि पाथर्डी, कर्जत, पारनेरकडं वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशेच्या आसपास. अकोल्यातल्या मावशीच्या मुलानं आणि पाथर्डीतल्या आपल्या मुलीनं एकच आठवडा मोजला आणि आकडे एकमेकांना सांगितले, तर 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा पुस्तकातला शब्द पाठ करावा लागणार नाही. सह्याद्री ढग अडवतो म्हणजे काय ते दोन आकड्यांतच कळतं. हिवरे बाजारला पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कुठलं पीक घ्यायचं ते त्यावर ठरवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तो ताळेबंद सुरू होतो तो पाऊस मोजण्यापासूनच.

घरातला सोपा उपक्रम हवा असेल तर हळद. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण किती वेळा पाहिलंय. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हेही ठाऊक आहे. त्यामागं एकच कारण. साबण, सोडा, चुना, राखेचं पाणी हे सगळे एका कुळातले, त्यांना शाळेत आम्लारी म्हणतात, आणि ते भेटले की हळदीतला रंग लालसर होतो. लिंबू, चिंच, ताक ही आम्लं. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि घरातल्या दहा वस्तू तपासायच्या. पण आधी अंदाज लिहायचा आणि मग थेंब टाकायचा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. फक्त चुना या प्रयोगात मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यात गेला तर फार वाईट. साबण आणि राखेवर काम भागतं.

आणि ज्या उपक्रमातून आपल्या घराचा थेट पैसा वाचतो, तो बियाण्याचा. सोयाबीनच्या पेरणीआधी कृषी खातं दरवर्षी सांगतं, घरचं बियाणं उगवून बघा. शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरायला ठीक. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल, फारच कमी निघाले तर ते बियाणं नको. आता रब्बी तोंडावर आहे. हरभरा आणि ज्वारीचं घरचं बियाणं असेल तर हेच करा, आणि किती टक्के चालतं ते गावच्या कृषी सहायकांना विचारा. ते काम सहावी-सातवीतल्या मुलीला द्या. मांडणी तिची, मोजणी तिची, सरांना फोटो तिचा. टक्केवारी हा गणिताचा धडाही त्यातच होऊन जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं निवडून, जपून, वाटून त्या बीजमाता झाल्या, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा 'मला काय कळतंय शाळेतलं' हे वाक्य कुणीही म्हणू नये. बी बघून ते खरं की पोचट ते सांगणारी बाई निरीक्षणच करत असते.

आता ज्यांच्यासाठी मी हा विषय मुद्दाम निवडला, त्यांच्याकडं येते. पाथर्डी, शेवगावकडच्या मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतील. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतील, काही तुमच्याबरोबर येतील. जी येतील त्यांचं गणित, मराठी कसंबसं चालतं, पण विज्ञान पहिलं सुटतं. फडावर कुठली प्रयोगशाळा? फोन मुकादमाच्या निरोपासाठी राखून ठेवलेला, चार्जिंगची मारामार. गावातली मुलं पुढं जातात, आपलं परत आलं की मागच्या बाकावर जातं. मला गेल्या काही वर्षांत हेच खटकत आलंय, की दूरच्या मुलाला आपण नेहमी 'मागं पडलेलं' म्हणतो. विज्ञानात मात्र असे काही उपक्रम आहेत जे दूर गेलेल्या मुलाशिवाय होतच नाहीत. वर्गातली सगळी मुलं एकाच गावात बसली असतील तर ते करता येत नाहीत.

त्यातला सोपा आधी सांगते. चंद्र. कोपीतून दिसतो तोच पाथर्डीच्या वाड्यावरून दिसतो. अमावस्येनंतर दोन दिवसांनी सुरुवात करायची, रोज रात्री वहीत एक गोल काढायचा आणि जेवढा चंद्र उजळ दिसला तेवढा रंगवायचा. पौर्णिमेनंतर तो किती वाजता उगवला तेही लिहायचं. संकष्टी धरणाऱ्या आपण सगळ्या चंद्र उगवायची वाट बघतो. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र संकष्टीला रात्री नऊच्या आसपास उगवतो, म्हणजे रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा. हे पोरांना स्वतः मोजून काढू द्या. एकही रुपया लागत नाही, फोन तर लागतच नाही. आठवड्याला एकदा वहीच्या पानाचा फोटो पाठवला की झालं. ढग आले त्या दिवशी 'ढग' लिहायचं, मनानं चंद्र काढायचा नाही. कॅलेंडरच्या पानावर चंद्रोदयाच्या वेळा गावागावांच्या वेगवेगळ्या छापलेल्या असतात, ते का, हा प्रश्न मोठ्या मुलांना द्या.

दुसरा सावलीचा. हा जरा नीट ऐका.

एक सरळ काठी घ्यायची. जमिनीच्या वर बरोबर एक मीटर, म्हणजे शंभर सेंटिमीटर राहील अशी सपाट जागेत रोवायची. शिलाईची टेप असली की पुरे. काठी सरळ उभी आहे का, हे दोऱ्याला दगड बांधून बघायचं, गवंडी ओळंबा धरतो तसं. दुपारी बारा ते एक दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा. सावली आखडत जाते आणि मग परत लांबायला लागते. सगळ्यात आखूड सावली मोजून लिहायची. आपल्याकडं ती बाराला नाही, साडेबाराच्या आसपास मिळते. घड्याळ नसलं तरी खडे सांगतात. सूर्याकडं बघायचं नाही, नजर जमिनीवर.

पाथर्डीत २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, ही सावली साधारण ९२ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी कोल्हापूरच्या फडावर गेलेल्या मुलीनं तेवढीच काठी रोवली तर तिला साधारण ८४ भरेल. काठी तीच, दिवस तोच, सूर्य तोच, आणि सावलीत आठ सेंटिमीटरचा फरक. का? कारण जमीन सपाट नाही, गोल आहे. पाथर्डीची काठी आणि कोल्हापूरची काठी एकमेकींना समांतर उभ्या नसतात, जराशा फाकलेल्या असतात. चेंडूवर दोन टाचण्या टोचून बघा, लगेच दिसेल.

या दोन आकड्यांवरून पृथ्वीचा घेर काढता येतो. दोन्ही सावल्यांवरून सूर्यकिरणांचे कोन काढायचे, ते काम सरांवर किंवा दहावीच्या मुलीवर सोडा. कोनांतला फरक येतो सुमारे अडीच अंश. पूर्ण गोल ३६० अंशांचा, म्हणजे अडीच अंशांचे १४४ भाग. पाथर्डी ते कोल्हापूर हे सरळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजलं तर साधारण २७५ किलोमीटर. २७५ गुणिले १४४, झाले ३९,६००. पृथ्वीचा खरा घेर ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहे. साधारण बावीसशे वर्षांपूर्वी मिसर देशात इरॅटोस्थेनिस नावाच्या माणसानं दोन शहरांतली दुपार ताडून असाच घेर काढला होता. त्याच्याकडंही दुर्बीण नव्हती.

मोजताना एक सेंटिमीटर इकडंतिकडं झाला तर उत्तर चार-पाच हजार किलोमीटरनी हलतं, हे मुलांना आधी सांगून ठेवा. म्हणूनच ओळंबा, म्हणूनच खडे. चार-पाच दिवस मोजा आणि बघा. या दिवसांत सावली फारशी बदलत नाही, त्यामुळं २२ तारखेला तोडीची घाई असली तर वीस ते पंचवीसमधला कुठलाही दिवस चालतो, फक्त दोन्हीकडं एकच दिवस धरायचा. आणि निघण्याआधी एकदा सराव करून घ्या. २२-२३ सप्टेंबरच्या दुपारी इथं तीच काठी रोवली तर सावली साधारण ३५ सेंटिमीटर यायला हवी. डिसेंबरात ती अडीच पटीहून लांब होते, आणि मेच्या मध्याला एके दिवशी आपल्याकडं ती नाहीशीच होते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. कितीतरी जणी म्हणतील, असं होत नाही. बघा एकदा जूनमध्ये.

मला या उपक्रमाचं मोल असं वाटतं, की सर वर्गात विचारतील, "कोल्हापूरचा आकडा आला का?" सगळा वर्ग त्या एका आकड्यासाठी थांबेल. जी मुलगी हजेरीपटावर गैरहजर आहे, तिच्या आकड्यावाचून गणित पुढं सरकणार नाही. निरोप द्यायला एक मिनिटाचा फोन पुरतो. साधा बटणांचा चालतो.

आता काय नुसतं बघावं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंनी व्हिडिओ बंदच करायला सांगितले. जे फार दूर आहे, फार बारीक आहे, शरीराच्या आत आहे किंवा धोक्याचं आहे, ते पडद्यावरच बघावं. हृदय कसं धडधडतं, पेशी कशी दिसते, तीव्र आम्लाचं काय होतं, ज्वालामुखी कसा फुटतो. हाताळता येतील अशी चित्रंही फोनवर असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' म्हणून फुकट मांडणी आहे, ती मराठीतही आहे. त्यात मुलं बॅटरी, तारा, बल्ब जोडतात, चुकलं तर पडद्यावरच ठिणगी पडते, घरातला फ्यूज उडत नाही. विजेच्या धड्याला हे चांगलं. पण सावली, चंद्र, कोंब, पाऊस, गांडूळ हे दाराबाहेर असताना त्यांचा व्हिडिओ बघण्यात डेटा घालवू नये.

आणि काही गोष्टी घरी करूच नयेत, ग्रुपवर कुणीही पाठवल्या तरी. घरच्या बोर्डातली वीज. मोबाईलची फुगलेली बॅटरी उघडणं. बंद बाटलीत चुना किंवा सोडा भरून हलवणं. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची खेळणी, या तर कितीही धुतल्या तरी नकोत. पेटती मेणबत्ती असलेला प्रयोग मोठं माणूस शेजारी बसलं असेल तरच. ग्रहण काळ्या काचेतून, एक्सरेच्या फिल्ममधून बघायचं नाही. शंका आली तर सरांना एक फोन करा, त्यात कमीपणा नाही.

उत्तर आपल्याला यायलाच हवं असं नाही, हे पुन्हा सांगते, कारण बहुतेक आया तिथंच अडतात. आपण तीन गोष्टी विचारायच्या. तुला आधी काय वाटलं होतं? प्रत्यक्षात काय दिसलं? उद्या परत केलंस तर तसंच होईल का? एवढं विचारायला पदवी लागत नाही. फोटो सुंदर आला का, हे विचारू नका. फोटोसाठी केलेला प्रयोग फोटो निघाला की संपतो. सरांशी बोलणं असेल तर एवढंच सांगा, मुलांना लिहून पाठवायला लावण्यापेक्षा बोलून पाठवू द्या. पुष्कळ मुलींना टाईप करायला वेळ लागतो, बोलायला लागत नाही.

गटानं काय करावं? एक डबा करावा. त्यात शिलाईची टेप, पट्टी, कोनमापक, एक भिंग, एक चुंबक, दोऱ्याचं रीळ आणि सरळ भिंतीचे दोन डबे. सभासदांनी तो आळीपाळीनं घरी न्यावा, नोंद गटाच्या वहीत व्हावी, जशी कर्जाची होते. बैठकीत दहा मिनिटं मुलांना बोलवा आणि वह्या वाचायला लावा. एका गटात हे सुरू झालं तेव्हा सुरुवातीला मुलगेच वाचायला पुढं यायचे. मग सचिव ताईंनी नियमच केला, आधी मुली.

तर मैत्रिणींनो, कोयता निघायच्या आधी पोरांच्या दप्तरात टेप, दोरा आणि कोरी वही टाका. जाताना शाळेत सरांना सांगून जा, की आमची मुलगी अमुक कारखान्यावर असेल आणि डिसेंबरात ती सावलीचा आकडा पाठवेल. कारखाना सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कुठलाही असो. जितकं दक्षिणेला जाल तितका फरक जास्त. गावात राहिलेल्यांनी इथली काठी रोवावी. दोन्ही आकडे, गावाचं नाव आणि तारीख आपल्या रेडिओ केंद्रावर कळवा. जानेवारीतल्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू आणि पृथ्वीचा घेर किती येतो, ते गणित हवेवरच करू.